आमची वाटचाल: भाड्याच्या घरांची दुरुस्ती

आम्ही पुण्यात भाड्याने द्यायच्या फ्लॅटची दुरुस्ती आणि नूतनीकरण करतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथं आयटी वाढली, तसा अनेकांनी राहत्या घराशिवाय दुसरा फ्लॅट घेतला. मालक कोथरूडला, फ्लॅट वाकडला. नाहीतर मालक परदेशात आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. अशा घरावर रोजची नजर कुणाची नसते. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला भाडेकरू ओल दिसली तर कपाट पुढं सरकवतो. मालकाला कळतं ते खालच्या मजल्यावरून फोन आल्यावर.

मी आधी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. ताबा दिला की पुढची साइट, त्यामुळे घर वापरात आल्यावर त्याचं काय होतं हे कधी दिसत नसे. ओळखीतल्या एका काकांनी कर्वेनगरचा फ्लॅट पाहायला बोलावलं आणि तिथून हा व्यवसाय सुरू झाला. बेडरूमच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत पोपडे, पलीकडे बाथरूम. दर भाडेकरूच्या वेळी नवा रंग लागायचा आणि पावसाळ्यात फुगून यायचा. नळाच्या लाइनला प्रेशर लावून पाहिलं, काटा हलला नाही, म्हणजे पाइप गळत नव्हता. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे सांडपाणी जातं आणि थोडं पाणी साचून ड्रेनेजचा वास अडवतं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं. सकाळी पातळी बोटभर खाली! फरशी उचलली तर खालची विटांची भर गच्च ओली, हातात घेतली की चुरा. ट्रॅपभोवतीचं सिमेंट सुटलं होतं. स्लॅबपर्यंत खोदलं, ट्रॅप नवा बसवला, कोपऱ्यांना गोलाई दिली, वॉटरप्रूफिंग केलं, पुन्हा पाणी भरून दोन दिवस वाट पाहिली आणि मगच फरशी घातली. भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंग लावू दिला नाही. काका वैतागले होते, पण पुढचा पावसाळा कोरडा गेला आणि त्यांनीच आम्हाला बरीच कामं मिळवून दिली.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी, मग वीज, आणि त्यानंतर ओटा, ट्रॉल्या, रंग. जुन्या इमारतींत लोखंडी पाइप आतून गंजून बारीक झालेले असतात, तिथं सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप टाकतो. वायरिंग एसीच्या आधीच्या काळातलं असतं. त्यावर गीझर आणि इंडक्शन एकदम चालवणारं कुटुंब ठेवायचं, तर अर्थिंग तपासून आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय मी काम पूर्ण झालं म्हणत नाही. वायर आणि स्विचचा माल अजूनही तपकीर गल्लीतून स्वतः पाहून आणतो. भिंत बुजवण्याआधी टेप धरून प्रत्येक लाइनचे फोटो काढतो आणि मालकाला देतो.

2020 मध्ये कारागीर गावी गेले आणि भाडेकरूंनी घरं सोडली. बंद फ्लॅटमध्ये ट्रॅपमधलं पाणी आटतं, मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात. मालकांचे फोन येऊ लागले, म्हणून ठरावीक दिवसांनी जाऊन ट्रॅपमध्ये पाणी ओतायचं, नळ सोडायचे, खिडक्या उघडायच्या, असं काम घेतलं. ते आजही चालू आहे; आमचा बारमाही आधार तोच.

काही कामं आम्ही परत पाठवतो. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या फ्लॅटमध्ये ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि बिल्डरला कळवला, तर त्याने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा गळतीवर स्वतःचे पैसे घालू नका, असं आम्ही सांगतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून येणारी पावसाची गळती सोसायटीच्या खर्चाची, तर संडास-बाथरूम आणि सिंकमधली सभासदाची. हे माहीत नसल्याने शेजारी उगाच एकमेकांशी भांडतात. करापुरतं मोठं बिल करा, अशीही मागणी येते. घरभाड्याच्या उत्पन्नावर मिळणारी 30 टक्के वजावट सरसकट असते, प्रत्यक्ष दुरुस्तीच्या खर्चाने ती वाढत नाही. बिल झालं तेवढ्याच कामाचं मिळेल.

सध्या कामं सहकारनगरपासून बाणेरपर्यंत आहेत. पहिल्या कामावरचे गवंडी मामा अजून आमच्याबरोबर आहेत. बाथरूमची पाणी-चाचणी त्यांनी पास केल्याशिवाय फरशीवाला आत येत नाही. बाहेरच्या भिंतींची कामं मे अखेरपर्यंत उरकतो. ओल्या भिंतीवर रंग पावसाळ्यात कुणी कितीही आग्रह केला तरी लावत नाही.