पाच प्रश्न आणि एक दाढ

रिसेप्शनवरच्या बाईने फॉर्म दिला तेव्हा वाटलं, नेहमीचाच असणार. चालू औषधं, अ‍ॅलर्जी, बीपी, शुगर. तो होताच, पण त्याच्या मागे आणखी एक पान होतं आणि त्यावर फक्त पाच प्रश्न. पहिला असा: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं असेल, तर तुम्हाला कसं वाटेल? मग बाहेर नंबराची वाट बघताना कसं वाटेल, दाढेवर मशीन चालताना, दात साफ करून घेताना, आणि शेवटी हिरडीत इंजेक्शन घेताना. अजिबात भीती नसेल तर एक गुण, प्रचंड भीती असेल तर पाच. 25 पैकी 19 किंवा त्याहून जास्त आले की भीती तीव्र आहे असं धरतात. माझे 23 आले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या त्या दवाखान्यात, चार अनोळखी माणसांसमोर, मला रडू आलं.

मी सातवीत असताना सांगलीत माझी दाढ काढली होती. बाबांनी हात धरले, कंपाउंडरने डोकं. भूल पुरती चढली नव्हती. मी ओरडले तर डॉक्टर म्हणाले, "एवढी मोठी झालीस, आणि रडतेस काय?" माणूस वाईट नव्हता. हात हलका म्हणून नाव होतं त्यांचं, बाहेर बाकड्यावर गर्दी मावत नव्हती. पण त्या दिवसानंतर वीस वर्षं मी दातांच्या डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही. लवंगेचं तेल आणि एका बाजूने चावणं, यावर निभावलं.

आपण सगळ्यालाच भूल म्हणतो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या भुलीचे पदर एकेक करून उलगडून सांगितले. हिरडीतलं इंजेक्शन दाढ बधिर करतं, गुंगी दिली तरी ते टळत नाही. भीतीचं औषध वेगळं. एक म्हणजे नाकावर छोटा मास्क लावून द्यायचा लाफिंग गॅस, ऑक्सिजनबरोबर. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की तो उतरतो. दुसरं म्हणजे शिरेतून मिडॅझोलॅम. त्याने झोप लागत नाही, गुंगी येते. डॉक्टर बोलतात ते कळतं, सांगितलं की तोंड उघडता येतं, पण नंतर बहुतेक काही आठवत नाही. आणि तिसरी पूर्ण भूल, ती फक्त हॉस्पिटलात. पूर्वी इथे साध्या दवाखान्यांतही द्यायचे. खुर्चीतच काही मुलं दगावली, आणि 2001 संपताना ते बंद केलं.

मी शिरेतलं औषध निवडलं. आणि तिथे अडले, कारण नियम असा की बरोबर एक सज्ञान माणूस हवा. नुसतं न्यायला येणारं नाही. उपचार चालू असताना बाहेर बसणारं, घरी पोचवणारं आणि नंतर जवळ थांबणारं. 24 तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, स्वयंपाकाच्या गॅसजवळ जायचं नाही. मी म्हटलं, मी एकटी राहते, टॅक्सीने जाईन. चालणार नाही. ऑफिसातली मैत्रीण संध्याकाळी न्यायला येईल. चालणार नाही. शेवटी ती पूर्ण वेळ थांबायला तयार झाली, पण साडेचार महिने थांबून मिळालेली तारीख ऐन वेळी तिचं मूल आजारी पडलं म्हणून रद्द झाली. त्या रात्री मी खूप चिडले. सांगलीत दाढ काढायची म्हटलं तर आई, काकू, आतेभाऊ आणि शेजारचे जोशीकाका न बोलावता आले असते. माणूस बरोबर असणं ही आमच्याकडे अट नसते, ते गृहीतच असतं. आणि इथे ज्याला कुणी नाही त्याने काय भीत भीतच मरायचं? हा राग अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या तारखेला शेजारच्या खाला आल्या. मूळच्या सीमेपलीकडच्या काश्मीरातल्या मीरपूरच्या, सत्तरीच्या, गुडघे दुखतात. जिन्यात भेटल्या तेव्हा मी सहज बोलून गेले, तर म्हणाल्या, "मैं बैठूँगी, बेटा." हातात तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन त्या दोन तास बसल्या.

आतलं मला आठवतं ते इतकंच: हाताच्या पाठीवर सुई, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र, आणि "हळूहळू देतेय, माझ्याशी बोलत राहा" म्हणणारा आवाज. मी कोयनेबद्दल काहीतरी सांगत होते म्हणे. मग एकदम खाला दिसल्या. घरी त्यांनी मुगाची खिचडी केली. गरम द्यायची नाही असं नर्सने बजावलं होतं, म्हणून ताटलीत पसरून खिडकीत ठेवली आणि मधूनमधून बोट लावून पाहत राहिल्या.

आई फोनवर म्हणाली, "त्यापेक्षा इकडे आली असतीस. अर्ध्या तासात मोकळी झाली असतीस." खरंच आहे. आपल्या डॉक्टरांचा हात कुणापेक्षा कमी नाही, फोन केला की त्याच दिवशी जाता येतं, आणि पुण्यामुंबईत आता लाफिंग गॅसही मिळतो. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, 2025 च्या एप्रिलमध्ये दाढ काढायचे 75.30 पौंड ठरले होते, पण त्या खुर्चीपर्यंत पोचायलाच महिने जातात. तरी मी आईला म्हटलं, तिकडे मी त्या खुर्चीत बसलेच नसते. अर्धा तास काय, पाच मिनिटंही नाही. ती गप्प झाली.

मग मला एकदम आठवलं की आईसुद्धा किती वर्षं डावीकडूनच चावते. भाकरीचे तुकडे दुधात कुस्करते, शेंगदाणे कूट करूनच खाते. कवळी नको म्हणून असेल, असं आम्ही समजत आलो.

"आई, तुला पाच प्रश्न विचारू?"

तिने पहिल्या चारांची उत्तरं पटापट दिली. तीन, चार, चार, दोन. पाचवा प्रश्न वाचला, हिरडीत इंजेक्शन घेताना कसं वाटेल, तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली.

"पाच लिही," ती म्हणाली. "आणि बाबांना सांगू नकोस."