फळीखालचे कागद

मन मोकळं करायचं असेल तर लिहून काढ, असं हल्ली जो तो सांगतो. एक छानशी डायरी आणा, रोज रात्री दोन पानं लिहा, हलकं वाटेल. वाटतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण अलीकडच्या आयरिश कादंबऱ्यांमधल्या बायका लिहीत बसतात ना, त्या हलकं वाटावं म्हणून लिहीत नाहीत. त्यांच्या घराबद्दल, त्यांच्याबद्दल दुसऱ्याच कुणीतरी आधीच काहीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं आणि बरेचदा ते फाइलला लागलेलंही असतं.

सबॅस्टियन बॅरीच्या 'द सीक्रेट स्क्रिप्चर'मधली (२००८) रोझॅन घ्या. वय शंभरीच्या आसपास, नक्की किती ते तिलाही माहीत नाही, आयुष्याचा मोठा भाग रॉसकॉमनच्या मनोरुग्णालयात गेलेला. डॉक्टरांनी दिलेल्या निळ्या बॉलपेनने ही म्हातारी आपली हकिगत लिहिते आणि जमिनीची सैल फळी उचलून कागद खाली लपवते. डॉक्टर ग्रीनही आपली वेगळी वही लिहितोय, कारण हॉस्पिटलची बिल्डिंग पाडायचीये आणि कुणाला घरी सोडायचं, कुणाला नवीन जागी न्यायचं ते त्याने ठरवायचंय, म्हणजे ही बाई मुळात इथे आलीच कशी हे शोधणं आलं. शोधता शोधता त्याला सापडतो फादर गॉन्ट नावाच्या पाद्र्याचा जुना जबाब. एकदम खणखणीत. 'बहुतेक', 'आठवत नाही' वगैरे भानगड नाही.

रोझॅनची एक आवडती आठवण आहे. वडील तिला स्लायगोच्या कबरस्तानातल्या मनोऱ्यापाशी नेतात, वरून हातोडे आणि पिसं एकदम खाली सोडतात, जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते का ते लेकीला दाखवायला. आणि पाद्र्याच्या जबाबात? त्याच मनोऱ्यात लोकांनी तिच्या बापाच्या तोंडात पिसं कोंबली आणि त्याला हातोड्यांनी मारलं, आणि पोरीने हे पाहिलं. मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. म्हणजे सामान तेच, हातोडे तेच, पिसं तीच, पोरीच्या मनाने काही फेकून दिलं नाही, फक्त सगळं असं लावून घेतलं की बाप जिवंत आणि हसरा राहील. खोटं म्हणायचं का ह्याला? माझ्याच्याने नाही म्हणवत. उलट तो पाद्री, ज्याला सगळं नक्की माहीत असतं, त्याच्याच शब्दावर हिचं लग्न रद्द होतं आणि ही वेड्यांच्या इस्पितळात जाते. हे नुसतं कादंबरीतलं नाही बरं का. १९५०च्या दशकात आयर्लंडची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत आणि मनोरुग्णालयांत वीस हजारांहून जास्त माणसं. त्या काळी जगात सगळ्यात वरच्या आकड्यांमधला आकडा.

ॲन एनराइटच्या 'द गॅदरिंग'ला २००७चं बुकर मिळालं. त्यातली व्हेरोनिका अगदी चारचौघींसारखी, नवरा, दोन मुली, डब्लिनमधलं चांगलं घर. भाऊ लियमने ब्रायटनच्या समुद्रात जीव दिला आणि तेव्हापासून ही रात्री सगळे झोपले की लिहायला बसते. लहानपणी आजीच्या घरी भावाच्या बाबतीत काहीतरी वाईट घडलं होतं, ते लिहायचंय, पण नक्की घडलं का हेच तिला नक्की नाही, आणि ती ते लपवत नाही. १९२५मध्ये आजी एका हॉटेलात कुणाला पहिल्यांदा भेटली हे ती झकासपैकी रंगवते आणि मग सरळ सांगते की हे मी रचलंय. काही वाचक वैतागतात, मला तर ह्याच बाईवर जास्त विश्वास टाकावासा वाटतो.

कारण ज्यांना सगळं नक्की माहीत असतं त्यांचे कागद कसे असतात ते आयर्लंडने परत बघितलं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवायचे त्या आई-बाळ गृहांवर २०१५ साली आयोग नेमला, साडेपाचशे लोकांनी येऊन आपापलं सांगितलं, आणि नंतर कळलं की त्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज पुसून टाकलीयत. बोंबाबोंब झाली तेव्हा बॅकअपमधून परत मिळवली. जानेवारी २०२१मध्ये जवळपास तीन हजार पानांचा रिपोर्ट आला, आणि त्यात काय, तर बाळं जबरदस्तीने हिरावून घेतल्याचा फारसा पुरावा नाही! ज्या बायकांनी आयोगासमोर बसून तेच सांगितलं होतं त्यांनी ते वाचलं तेव्हा काय झालं असेल.

आता शेवट सांगतोय, नको असेल त्यांनी इथेच थांबा. डॉक्टर ग्रीन लहानपणी दत्तक गेलेला असतो, आणि रोझॅन त्याचीच आई निघते. अगदी आपल्या जुन्या सिनेमासारखं. ब्रिटनमधल्या कोस्टा साहित्य पुरस्काराच्या परीक्षकांनासुद्धा हा शेवट फारसा कुणाला आवडला नव्हता, तरी २००८चा मोठा पुरस्कार दिलाच. मीही वाचताना चरफडलो होतो, एवढी सुंदर कादंबरी आणि असा योगायोग! पण दत्तक दिलेल्या आयरिश मुलांना आपला पूर्ण जन्मदाखला मिळायचा हक्क कायद्याने आला तो २०२२ साली. तोवर पन्नाशी-साठीची माणसं आईचं नाव काय होतं एवढंच विचारत ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होती, आणि फाइल कपाटात असूनही त्यांना दाखवत नव्हते. बॅरीच्या योगायोगाला नावं ठेवायचं मी त्यानंतर सोडून दिलं.