दोन पातेली पाणी

आज आमच्या गल्लीत पाइपलाइनचं काम. दिवसभर नळ बंद, आणि संध्याकाळी पाणी आलं ते फिक्या चहाच्या रंगाचं. इथे कॅनडातल्या मिसिसागात असं पहिल्यांदाच. दोन पातेली उकळत ठेवली, घरात यथेच्छ कुरकुर झाली.

उकळी फुटेपर्यंत सोल मामाक्वा यांचं जुनं भाषण पुन्हा लावलं. आमच्या ऑन्टारियो प्रांताच्या पार उत्तरेकडच्या किवेटिनूंगचे आमदार. 28 मे 2024 ला ते क्वीन्स पार्कच्या, म्हणजे प्रांताच्या विधानसभेच्या, सभागृहात आपल्या मायबोलीत, ओजी-क्री भाषेत बोलले. तिथे मूलनिवासी भाषेला रीतसर दुभाषा मिळाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. आणि मागणं काय, तर उत्तरेतल्या सू लुकआउट गावात म्हाताऱ्यांसाठी शुश्रूषागृह!

त्यांच्या मतदारसंघातली नेस्कांतागा ही मूलनिवासी वस्ती. ‘पाणी उकळून प्या’ हा इशारा तिथे 1995 मध्ये लागला, तो या भाषणाच्या दिवशीही उठलेला नव्हता. म्हणजे बारशापासून लग्नापर्यंत तेच.

ग्रासी नॅरोज या दुसऱ्या मूलनिवासी वस्तीबद्दलही मामाक्वा सभागृहात सतत बोलतात. तिथलं दुखणं तर उकळूनही जाणारं नाही. 1962 ते 1970 या काळात ड्रायडनच्या कागद गिरणीने सुमारे 9 टन पारा नदीत सोडला. पाण्यातून माशात, माशातून माणसात. मग हात थरथरतात, बोटं बधिर होतात, नजर आकसते. आजोबांनी खाल्लेला मासा नातवंडांनाही भोवतोय.

इतक्यात आईचा व्हिडिओ कॉल. पातेली पाहून म्हणाली, “कॅनडातसुद्धा?”

मी नेस्कांतागाचं सांगायला लागलो, तर दूध उतू गेलं तिकडे तिचं.