एब्रोकाठची फाइल, नोंद ४ : बोगद्यांवरची भुतं उतरली, वाऱ्याने मार्ग फिरवला

स्पेनमध्ये एब्रो नदीकाठच्या दोन दिवसांच्या सायकल सहलीसाठी मार्गाची जीपीएस फाइल तयार करतोय. तिच्यात बोत ते पिन्येल दे ब्राय या तुकड्यात दिसणारे ते ३० टक्क्यांचे खोटे, लालभडक चढ अखेर गेले. मागच्या नोंदीतलं प्रोफाइल, म्हणजे उंचीचा आलेख, पाहून ज्यांनी "हा विया वेर्दे आहे की सिंहगडाची पायवाट?" असं विचारलं होतं, त्यांनी नवी फाइल उघडावी. आर्नेसकडून नदीपर्यंत एकच लांब, निवांत उतार दिसेल. तसाच दिसायला हवा, कारण विया वेर्दे म्हणजे बंद रेल्वेमार्गावरची सायकलवाट, आणि हा वाल दे साफानच्या जुन्या रेल्वेचा मार्ग आहे. १९७३ साली गाड्या बंद झाल्या, पुढे रूळ निघाले आणि इंजिनाला झेपेल असा आखलेला चढ सायकलवाल्यांच्या पदरात पडला. अशा मार्गाचा चढ २ टक्क्यांच्या वर क्वचितच जातो. त्यामुळे इथे ३ टक्क्यांपुढचं काहीही दिसलं की आधी डेटा तपासायचा.

दुखणं थोडक्यात असं. मार्ग आखायचा प्रोग्रॅम, म्हणजे प्लॅनर, प्रत्येक बिंदूखालच्या उंचीच्या नकाशातला आकडा उचलतो. तो नकाशा आकाशातून मोजलेला असतो, त्यामुळे त्याला टेकडीचा माथा दिसतो, तिच्या पोटातला बोगदा दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर बोगदा नीट टॅग केलेला असला तरी रेषा बोगद्यातून जाते आणि उंची मात्र माथ्याची लागते. ३०० मी. लांबीच्या बोगद्यावर ५० मी.ची टेकडी असली, की फाइलमध्ये १५० मी.त ५० मी. चढाई लागते, म्हणजे ३३ टक्के, आणि लगेच तेवढाच उतार. या वाटेच्या वरच्या, तेर्रा आल्ता नावाच्या भागात २४ कि.मी.च्या आत असे वीसच्या आसपास बोगदे आहेत. (कशेडीच्या बोगद्यातून मार्ग आखून बघा, तिथेही हेच भूत बसलेलं सापडेल.)

तीन उपाय फसले. ते का फसले हे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा रविवार वाया जाणार नाही.

पहिला, सगळ्या फाइलवर शेजारच्या बिंदूंची सरासरी फिरवून ती गुळगुळीत करणं. याने ३३ टक्क्यांचं शिखर १४ टक्क्यांवर येतं, पण बसकं होऊन बोगद्याच्या दोन्ही बाजूंना पसरतं. आधी निदान खोटं कुठे आहे ते कळत होतं, आता खऱ्या रस्त्यातही खोटं मिसळलं.

दुसरा, बारीक डेटा. स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा ५ मी. जाळीचा (दर ५ मी.ला एक आकडा) उंचीचा नकाशा फुकट मिळतो आणि उघड्या रस्त्यावर तो अप्रतिम आहे. बोगद्यांवर मात्र त्याने आगीत तेल ओतलं. ३० मी.च्या जाळीत टेकडी थोडी धूसर तरी होते, ५ मी.त ती अगदी रेखीव उभी राहते. वर या नकाशात झाडं, घरं, पूल काढून फक्त जमीन ठेवलेली असते. म्हणजे दरीवरच्या रेल्वे पुलावर सायकल आली की उंची थेट ओढ्याच्या तळाला जाते. आधी नुसते डोंगर होते, आता डोंगर आणि विहिरी.

तिसरा, बोगद्यातले बिंदू पुसून टाकणं. कागदावर हे सुरेख दिसतं. पण फाइल परत प्लॅनरमध्ये चढवली की बरेच प्लॅनर मधल्या जागेत स्वतःहून बिंदू भरतात आणि त्यांना पुन्हा त्याच नकाशातून उंची लावतात. भूत परत झाडावर.

जमलेली रीत अशी. मार्ग जीपीएक्समध्ये, म्हणजे बिंदूंच्या यादीच्या फाइलमध्ये, उतरवायचा, साधारण दर २० मी.ला एक बिंदू येईल असा. तो स्प्रेडशीटमध्ये उघडून आरंभापासूनचं अंतर आणि उंची असे दोन रकाने करायचे. बोगद्याच्या अलीकडचा एक बिंदू अ, पलीकडचा ब. मधल्या प्रत्येक ओळीत उंची = अची उंची + (बची उंची − अची उंची) × (त्या बिंदूचं अंतर − अचं अंतर) ÷ (बचं अंतर − अचं अंतर). समजा अ २६४ मी.वर, ब २५८ मी.वर आणि मधलं अंतर ४०० मी. मग सगळा तुकडा सरळ दीड टक्क्याचा उतार होतो. पुलांनाही हेच सूत्र.

इतकं केल्यावरही दर बोगद्याच्या तोंडाशी ६ ते ८ टक्क्यांचे छोटे दात उरले होते, आणि तीन आठवडे गाडं तिथेच अडलं. कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटला. अ आणि ब अगदी बोगद्याच्या तोंडावर धरले होते. पण तोंडाच्या अलीकडे रेल्वे नेहमी कापणीतून जाते, दोन्ही बाजूंना उभ्या कडा. ३० मी.च्या एका चौकोनात खालचा मार्ग आणि वरची कड दोन्ही येतात, त्यामुळे टेकूच्या बिंदूंची (अ आणि ब) उंचीच फुगलेली. टेकू तोंडापासून ८०-९० मी. बाहेर सरकवले आणि दात गेले. दोन बोगद्यांमधलं अंतर २०० मी.हून कमी असेल तर मध्ये टेकू धरायचाच नाही, दोन्ही मिळून एकच तुकडा मानायचा. फोंतकाल्दाच्या घळीत बोगद्यामागून बोगदा येतो, तिथे याला पर्याय नाही. सरासरी फिरवायची ती या सगळ्यानंतर, पाच-पाच बिंदूंची, एकदाच. क्रम उलटला की पुन्हा पहिल्या पानावर.

फाइल परत चढवताना "फाइलमधली उंची कायम ठेवा" हा पर्याय शोधा. तो नसलेला प्लॅनर या कामाला निरुपयोगी, दिसायला कितीही देखणा असो. अशा वेळी फाइल केबलने सरळ हेड युनिटमध्ये, म्हणजे हँडलवरच्या जीपीएस यंत्रात, टाकलेली बरी. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: स्क्रीनवर आत्ताची उंची आणि चढाचा टक्का दाबमापक सेन्सर सांगतो, पण "पुढे किती चढ उरला" हे पान फाइलमधल्या उंचीवर चालतं. म्हणून सेन्सर उत्तम असूनही फाइल खोटी असेल तर बोत सोडल्या सोडल्या यंत्र चढांची माळ दाखवायला लागतं.

बोगद्यात उपग्रहही दिसत नाहीत. वेग शून्यावर येतो, ऑटो-पॉज लागतो (नोंद आपोआप थांबते) आणि बाहेर पडल्यावर रेषा उडी मारते. चाकाच्या हबला अडकवायचा वेगाचा सेन्सर लावा आणि ऑटो-पॉज बंद ठेवा. काही बोगद्यांत दिवे आहेत, सगळ्यांत नाहीत, आणि वळणाच्या बोगद्यात मधोमध मिट्ट काळोख असतो. पुढचा दिवा २०० लुमेनच्या खाली नको. स्पेनमध्ये बोगद्यात सायकलला दिवा लावणं कायद्यानेही सक्तीचं आहे, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेटही. रंग बदलणाऱ्या काचांचे गॉगल इथे घातक: काच उजळायच्या आत बोगदा संपलेला असतो.

प्रोफाइल सुधारल्यावर पहिल्यांदाच मार्गाची दिशा नीट दिसली, आणि तिथेच जुना बेत कोलमडला. नोंद २ मधला वळसा तोर्तोसाहून निघून विया वेर्देने वर ओर्ता दे सांत जुआन, तिथून गांदेसा, मग मिरावेतला तराफ्याने एब्रो ओलांडून डाव्या तीराने परत, असा होता. त्यात दोन खोट आहेत. हिवाळ्यात आणि वसंतात या खोऱ्यात मेस्त्राल वाहतो, वायव्येकडून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली समुद्राकडे. म्हणजे चढतानाचा अर्धा दिवस वारा तोंडावर. दुसरी खोट तराफा. तो इंजिनाशिवाय, तारेच्या आधाराने नदीच्या जोरावर चालतो, बघायला फार सुंदर. पण पाण्याची पातळी बिघडली किंवा दुपारची सुट्टी आली की तो बंद, आणि त्याच्यावर दिवसाचं वेळापत्रक टांगणं शहाणपणाचं नाही.

म्हणून वळसा रद्द. आता एकेरी मार्ग: बार्सेलोनाहून आर१५ गाडीने मोरा ला नोवा, आणि परतीला तोर्तोसाहून आर१६. मोरा ला नोवाचं स्टेशन डाव्या तीरावर आहे. पुलाने लगेच उजव्या तीरावर मोरा देब्रे, मग बेनिसानेत आणि मिरावेत. तराफ्याची गरजच उरत नाही, टेंपलर किल्ला मात्र वाटेवर येतो. मिरावेतहून छोट्या रस्त्याने पिन्येल, तिथून सी-४३ ने गांदेसा. एन-४२० ने कोर्बेरावरून गांदेसा जवळ पडतं, पण त्यावर ट्रक फार. स्पॅनिश यादवी युद्धातल्या १९३८ च्या एब्रोच्या लढाईत उद्ध्वस्त झालेलं जुनं कोर्बेरा बघायचं असेल तर गांदेसाहून जाऊन-येऊन वेगळा फेरा ठेवा. पिन्येल आणि गांदेसा दोन्हीकडच्या सहकारी वाइनरी वास्तुरचनाकार गाउदीचा शिष्य सेझार मार्तिनेल याने बांधलेल्या आहेत. पिन्येलला थांबलात तर दर्शनी भिंतीवरचा चिनीमातीच्या चित्रांचा पट्टा चुकवू नका. गांदेसाहून बोत, आणि बोतला जुन्या मार्गावर चढलं की पुढे तोर्तोसापर्यंत उतार पायाखाली, मेस्त्राल पाठीला. सगळं मिळून ८० कि.मी.च्या आतबाहेर.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे उलटं वाचावं. तेव्हा दुपारी वारा समुद्राकडून खोऱ्यात वर चढतो, म्हणून दुपारपूर्वी तोर्तोसा गाठता येईल अशी पहिली गाडी पकडा.

बेनिफायेत स्टेशनपाशी एक निर्णय घ्यावा लागतो. तेर्रा आल्ताचा पृष्ठभाग रोड बाइकला चालतो. खालच्या बाश एब्रेच्या भागात दाबलेली माती आणि बारीक खडी येते. २८ मि.मी. ट्यूबलेस टायर, ७० किलोच्या स्वाराला साडेचार बार हवेचा दाब, आतमध्ये छिद्र बुजवणारं ४० मिली. सीलंट, एवढं असेल तर सरळ जा. शेर्ता गावात चर्चच्या भिंतीवर एब्रोच्या जुन्या पुरांच्या पातळ्या लावलेल्या आहेत, त्या बघायला मिळतील. २५ मि.मी.वर असाल तर पूल ओलांडून डाव्या तीरावर या आणि तिवेन्स, बीतेममार्गे डांबरी रस्त्याने तोर्तोसा गाठा. रहदारी कमी, दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा, आणि तिवेन्सपाशी नदीवरचा तो जुना बंधारा ज्यातून त्रिभुज प्रदेशाच्या भातशेतीला कालव्यांनी पाणी जातं. पूल गाठेपर्यंत सी-१२ चा तुकडा लागतो, तिथे मागचा दिवा चालू ठेवा.

दुसऱ्या दिवसाचं मोंत कारो हे शिखर (१४४१ मी.) अजून कच्चं आहे. २०२३ च्या व्होल्टा कातालुन्या या सायकल शर्यतीचा लो पोर्तचा टप्पा याच डोंगरावर संपला होता आणि रोग्लिचने तो जिंकला. रोकेतेसपासून आधी रस्ता फसवा सौम्य, मग ८ कि.मी.हून जास्त सरासरी ९ टक्के. गिअरचा हिशोब करून झाला: स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, ९ टक्के चढ, ६० कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे). ३४×३४ वर (पुढचे दात × मागचे दात) वेग ताशी ७.७ कि.मी. आणि साधारण १६० वॉट. ३४×२८ वर ९.३ कि.मी. आणि १९५ वॉट. हे ३५ वॉट तासभर कुठून आणायचे? ११-३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) घ्या, आणि साखळी हलवणाऱ्या मागच्या डिरेलरचा केज (खालचा दांडा) लांब आहे ना ते आधी बघा. छोट्या केजला ३४ दातांचं चक्र बसत नाही, आणि हे बसवायला बसल्यावरच कळतं.

कारोच्या फाइलमध्ये उंचीची वरची सगळी शस्त्रक्रिया करायची नाही. इथे ५ मी.चा नकाशाच वापरायचा आणि सरासरी दोन-तीन बिंदूंच्या पुढे न्यायची नाही. पाच बिंदूंची फिरवून पाहिली, तर हेअरपिन वळणांच्या आतल्या बाजूचे खरे तीव्र चढही सपाट झाले. त्यामुळे आता दोन दिवसांच्या दोन वेगळ्या फाइली. एकत्र जोडलेली जुनी फाइल कुणाकडे असेल तर ती पुसून टाका.