केन्तो म्हणजे अंदाज नाही

मी जपानी-मराठी इंटरप्रिटर आहे, कामं बहुतेक फॅक्टरीतली. मागच्या वर्षी पुण्याच्या एका ऑफसेट प्रेसची चार माणसं टोकियोला मशीन बघायला आली होती, शेवटच्या दिवशी त्यांना लाकडी ब्लॉकवर छापणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे जपानी चित्रकार हिरोशिगेचं 1857 चं पावसाचं चित्र नव्याने छापत होते, पुलावरून अंग चोरून पळणारी माणसं, व्हॅन गॉगने 1887 मध्ये तैलरंगात उतरवलेलं तेच.

कारागीर म्हणाले, सगळं केन्तोवर असतं. मी सांगितलं "सगळं अंदाजावर असतं", कारण रोजच्या बोलण्यात केन्तो म्हणजे अंदाजच. आमचे मशीनमन काका मात्र ब्लॉकच्या कोपऱ्याकडेच बघत होते. "मॅडम, अंदाज नाही हो, रजिस्टर म्हणतायत ते, सगळे रंग एकावर एक नेमके बसवायचं, ही खूण बघा." आणि खरंच, कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला पुढे एक सरळ खाच, रंगाच्या प्रत्येक ब्लॉकवर त्याच जागी, ओलसर कागद त्यात टेकवून सोडायचा. मी वीस मिनिटं चुकीचं सांगत होते, फार वाईट वाटलं, लगेच सगळ्यांना सांगून दुरुस्त केलं.

मग पावसाचा ब्लॉक आला. चेरीचं लाकूड, आणि पावसाची रेघ कोरलेली नसते, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून ती केसाएवढी उभी ठेवलेली असते, आणि अशा रेघांचे ब्लॉक दोन, जरा वेगळ्या तिरप्यात, म्हणून तो पाऊस इतका दाट कोसळतो! हे कोरणाऱ्याचं नाव कोणाला पाठ नसतं, हिरोशिगेचं असतं, मला ते बरोबर वाटत नाही.

वरचा काळा ढग तर कोरलेलाच नाही. सपाट लाकडावर पाणी, त्यावर ब्रशने शाई, ती पसरते तशी पसरू द्यायची, कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या बारेनने, म्हणजे एका चपट्या चकतीने, मागून घासायचं. दर कागदाला हे परत.

काकांनी खिशातली लेन्स काढून दोन कागद शेजारी धरले, बराच वेळ बघितलं. ऑफसेटसारखे बारीक डॉट नाहीत म्हणाले. मग, ढग वेगवेगळे आलेत, विचारा ना, यातली ओके शीट, म्हणजे बाकीचे कागद जिच्याशी जुळवायचे ती, कुठली?

मी विचारलं. कारागिरांनी दोन्ही कागदांच्या कडा तपासल्या आणि म्हणाले, दोन्ही, केन्तो बसलाय.

"दोन्ही, काका. रजिस्टर बसलंय."