आमच्या अकाउंट्सच्या ताई

ताई रिटायर झाल्या आणि संस्थेने त्यांचा रीतसर सत्कार केला, याचा मला मनापासून आनंद झालाय. शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थांमध्ये सत्कार म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो फील्डवरचा माणूस, नाहीतर नवीन वाण काढणारे शास्त्रज्ञ. वर्ल्ड फूड प्राइझ बघा, नॉर्मन बोरलॉग यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालं, १९८७ चं पहिलंच पारितोषिक एम. एस. स्वामिनाथन यांना मिळालं, आणि ते अगदी योग्यच होतं. पण चांगलं वाण तयार झालं तरी ते पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडायला हवं ना, आणि त्यासाठी कोणीतरी योग्य दिवशी पैसे सोडावे लागतात. आमच्याकडे ते काम वर्षानुवर्षं ताईंनी केलं. सत्काराच्या भाषणात "चोख हिशेब" हा शब्द खूपदा आला, तो खराच आहे, पण मला वाटतं त्यांचं काम त्याच्या कितीतरी पुढचं होतं म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी तारखांचं सांगतो. फंडरचं, म्हणजे संस्थेला पैसे देणाऱ्यांचं, आर्थिक वर्ष कुणाचं मार्चला संपतं, कुणाचं सप्टेंबरला, कुणाचं डिसेंबरला, आणि पीक यातलं एकही वर्ष पाळत नाही. पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की बियाण्याचा खर्च पुढे जातो आणि कागदावर दिसतं की संस्थेकडे पैसे पडून आहेत, खर्च झालेच नाहीत. अशा वेळी घाईघाईने काहीतरी खरेदी करून पैसे "संपवण्याचा" मोह सगळ्यांनाच होतो, अवजारं घ्या, ट्रेनिंग दाखवा, काहीही करा पण आकडा शून्य करा. ताईंनी हे कधीच होऊ दिलं नाही. त्या वर्ष संपायच्या कितीतरी आधीच फंडरला पत्र लिहायच्या, पाऊस अमुक इतका लांबलाय, पेरणी झालेली नाही, रक्कम तेवढीच ठेवून मुदत वाढवून द्या, सोबत पावसाच्या नोंदी आणि खर्चाच्या कोणत्या हेडखाली किती शिल्लक याचा तक्ता. मुदत बहुतेक वेळा मिळायची, कारण पत्र वेळेत गेलेलं असायचं आणि आकडे जुळलेले असायचे. शेतकऱ्याला बियाणं मिळालं ते ओल असताना मिळालं, यात त्या पत्राचा वाटा किती मोठा आहे हे बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट गाडीच्या लॉगबुकची. एकच गाडी, तीन प्रोजेक्ट, एकाचे पैसे मातीच्या कामासाठी, एकाचे जनावरांसाठी, एकाचे बियाण्यासाठी, आणि एकाच फेरीत तिन्हींची गावं. मग डिझेल कुणाच्या खात्यात टाकायचं? एका हेतूसाठी आलेला पैसा दुसरीकडे वापरता येत नाही, अगदी दोन्ही कामं शेतकऱ्याचीच असली तरी. ताई लॉगबुक उघडून किलोमीटर वाटायच्या, मीटरचा सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, मधे कुठे थांबलो, कुणासाठी थांबलो. आम्हाला कंटाळा यायचा, ड्रायव्हरदादांना तर फारच. पण ऑडिटर आले की तेच लॉगबुक पहिलं पुढे यायचं आणि पुढचे प्रश्न आपोआप कमी व्हायचे.

आणि एक प्रसंग मला आवर्जून सांगायचाय. बियाणं वाटपाची यादी आली होती, नाव, गाव, किती किलो, पुढे सही किंवा अंगठा. ताईंनी पान उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "या ओळींतल्या सह्या एकाच हाताच्या आहेत." खरंच होतं. फील्डवरच्या मुलाला बोलावलं, तो घाबरला, सांगितलं की लोक शेतावर गेले होते, बियाणं घरी पोचवलं आणि सह्या मीच केल्या. आता ही चोरी नव्हती, पण कागदावर चोरी आणि ही गोष्ट सारखीच दिसते. ताईंनी त्याला ओरडलं नाही, "उद्या माझ्याबरोबर चल" म्हणाल्या आणि स्वतः त्याच्यासोबत त्या प्रत्येक घरी गेल्या, पोती बघितली, माणसांशी बोलल्या, खऱ्या सह्या घेतल्या, आणि जुनं पान फाडून न टाकता नवीन पानाला जोडून ठेवलं, वर काय झालं ते तारखेसह लिहिलं. तो मुलगा आज आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे.

पैशात न मोजता येणारं पण हिशेबात हवंच असं बरंच काही शेतीच्या मदतीत असतं. हेफर या संस्थेचं उदाहरण मला फार आवडतं, डॅन वेस्ट या अमेरिकन शेतकऱ्याच्या कल्पनेतून १९४४ मध्ये १७ कालवडी पोर्तो रिकोला पाठवल्या, आणि अट अशी की कालवड मिळालेल्या कुटुंबाने पुढे तिला झालेली पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. आता पहिल्या कालवडीचं व्हाउचर निघतं, दुसरीचं कुठून निघणार, तिच्यासाठी कोणी पैसे दिलेलेच नाहीत! आमच्या बियाणे बँकेचं असंच होतं, बियाणं न्यायचं आणि पीक आल्यावर थोडं जास्त परत करायचं. लेजरमध्ये याला जागाच नाही म्हणून ताईंनी किलोंची वेगळी वही ठेवली, कोणाकडून किती परत आलं, त्यातलं किती उगवणीला पास झालं, पुढे कुणाला गेलं. संस्थेच्या कामाचा खरा अंदाज घ्यायचा तर मी ताळेबंदाच्या आधी ती वही बघेन.

इतकं सगळं करणाऱ्या माणसाचा पगार मात्र "अॅडमिन खर्च" मध्ये जातो आणि तो कमीत कमी दिसावा असा सगळ्यांचा आग्रह. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं होतं, की फक्त ओव्हरहेडच्या, म्हणजे याच अॅडमिनसारख्या खर्चाच्या, टक्केवारीवरून संस्थेची किंमत ठरवू नका. संस्थांना पारखणं हेच ज्यांचं काम, तेच असं म्हणत होते. तरी आजही मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच असतो, आणि मला याचा अजूनही राग येतो.

२०२५ मध्ये तर याची परीक्षाच झाली. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवायचा आदेश काढला, जगभर शेतीचे प्रोजेक्ट मधेच थांबले, झालेल्या कामाची बिलं अडकली. सुमारे २ अब्ज डॉलरची थकीत बिलं चुकती करायचा वाद तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, मार्चमध्ये कोर्टाने सरकारची बाजू उचलून धरली नाही. १ जुलैला युएसएडचं, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं, कामच बंद होऊन उरलेलं परराष्ट्र खात्याकडे गेलं. ते पैसे आमचे नव्हते, पण ताईंनी त्या आठवड्यात आम्हाला बसवून विचारलं, आपला सगळ्यात मोठा फंडर उद्या थांबला तर पेरणीपर्यंत आपण कसे तगणार? उत्तर त्यांच्याकडेच होतं, त्यांनी वर्षानुवर्षं थोडा थोडा राखीव निधी बाजूला ठेवला होता, आमची कुरकुर ऐकून घेत.

ताईंच्या जागी आता नवीन मुलगी आली आहे. त्यांनी तिला आधी वाटपाच्या दिवशी फील्डवर नेलं, दिवसभर यादी तिच्याच हातात दिली, आणि मगच व्हाउचरची फाइल उघडून दाखवली. किलोंची वही सध्या तिच्याकडे आहे, या हंगामाची परत आलेली पोती ती लिहून घेतेय, आणि अडलं की ताईंना फोन करते.