फ्रिजमधला हिवाळा

कांद्याला फुलावर आणणं खान्देशाला नवं नाही. दिवाळीच्या आगेमागे साक्रीच्या नाहीतर चाळीसगावच्या शिवारात निवडक कांदे पुन्हा मातीत जातात, थंडी खातात आणि माघात त्यांच्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोंडे येतात. डोंगळे. मधमाश्यांची नुसती झुंबड उडते. उन्हाळ्यात गोंडे खुडायचे, वाळवायचे, उळं काढायचं, की व्यवहार पुरा. डोंगळ्याजवळ उभं राहून ‘काय सुंदर फूल आहे!’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ट्युलिपचं गणितही निम्म्यापर्यंत हेच. हॉलंडात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन गार पडली की कंद लावतात, टोक वर ठेवून, १५ ते २० सेंटिमीटर खोल. कळी कंदाच्या पोटात उन्हाळ्यातच तयार झालेली असते. पण दांडा लांबवून तिला बाहेर काढायचं तर कंदाला १२ ते १६ आठवडे नऊ अंशांच्या आतली थंडी लागते. ती मिळाली नाही तर दांडा आखूडच राहतो आणि कळी पानांच्या बेचक्यातच वाळून जाते.

गणित बदलतं ते फूल आल्यावर. त्यातही मला हवा होता डबल ट्युलिप, म्हणजे चैनीतली चैन. साध्या ट्युलिपला सहा पाकळ्या. डबलमध्ये फुलाने आपल्या पुंकेसरांच्याही पाकळ्या करून टाकलेल्या असतात. मधमाशीला तिथे फारसं काही उरत नाही. जे काही आहे ते बघणाऱ्यासाठी. निशिगंधातही हा फरक आहेच: हारात ओवायला सिंगल, फुलदाणीत मिरवायला डबल. ट्युलिपच्या डबलमध्ये पुन्हा दोन घराणी, लवकर फुलणारं आणि उशिरा फुलणारं. उशिराच्या घराण्यातला फिकट गुलाबी ‘अँजेलिक’ किंवा पांढरा ‘माउंट टॅकोमा’ इतका गच्च भरलेला असतो की तिकडचे बागवाले त्याला पिओनीची उपमा देतात. पिओनी जळगावात कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे ती उपमा आपल्याला बिनकामाची.

आता जळगावात १६ आठवडे थंडी आणायची कुठून? आमच्याकडे रात्री गारठा पडतो, धुळ्याकडे तर पारा पाच-सहा अंशांवरही उतरतो; पण दुपारी बाराला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो आणि जमीन काही गार राहत नाही. श्रीनगरला डाल सरोवराच्या काठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ पासून ट्युलिपची बाग आहे, तिथला हिवाळा कंदांना पुरून उरतो. आमचा हिवाळा भाजीच्या कप्प्यात. कागदी पिशवीत कंद घालून मेथीशेजारी ठेवले, तेव्हा सासूबाईंनी एक बाहेर काढून उलटापालटा करून पाहिला. “हाऊ काय कांदा शे का?” नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, “मंग फ्रिजमा कसाले ठेवा?” खायचा नाही आणि फ्रिजात, हे त्यांना पटेना. खाण्याचंच म्हणाल तर १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धाच्या उपासमारीत, डच लोकांनी ट्युलिपचे कंद मधला कोंब काढून, शिजवून खाल्लेही होते. ते मी सासूबाईंना सांगितलं नाही. उगाच फोडणीची तयारी झाली असती.

खरी अडचण थंडीची नाहीच, फळांची. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, आणि तो कोंडलेल्या जागेत साठला की कंदातली कळी आतल्या आत मरते. वरून कंद ठणठणीत दिसतो. म्हणजे सावदा-रावेरकडे चेंबरमध्ये हिरवी केळी ठेवून जो वायू सोडतात आणि चार-पाच दिवसांत ती पिवळी करतात, तोच हा. ज्या वायूवर आमच्या जिल्ह्याचा एवढा मोठा धंदा उभा आहे, तो ट्युलिपच्या जिवावर उठलेला. केळी फ्रिजात कोणी ठेवत नाही, सालं काळी पडतात. पण ओट्यावर फणी नाही असं घर आमच्याकडे शोधावंच लागेल, आणि पार्सल आलं की ते ओट्यावरच टेकवलं जातं! फ्रिजात सफरचंद, चिकू, टोमॅटो. कंद आले की या सगळ्यांची बदली करावी लागते, आणि ती घरातल्या प्रत्येकाला पुनःपुन्हा पटवून द्यावी लागते.

डबल ट्युलिपला तिकडे भीती पावसाची. पाकळ्यांत पाणी साठतं, डोकं जड होतं, दांडा वाकतो. म्हणून तो आडोशाला लावतात. फेब्रुवारीत अवकाळी आला नाही तर आपल्याकडे ही भीती नाही. भीती उन्हाची. उबेने साधा ट्युलिप ताटासारखा सपाट उघडतो आणि मग त्याच्यात बघण्यासारखं काही राहत नाही. डबल उघडला तरी आत पाकळ्यांची दाटी असतेच, शोभा पार जात नाही. खान्देशात ट्युलिप लावायचाच असेल तर डबलच लावावा असं माझं ठाम मत आहे. तोही कुंडीत, पूर्वेच्या गॅलरीत, जिथे सकाळचं कोवळं ऊन लागतं आणि दुपारी सावली असते.

फूल गेल्यावर पानं आणखी सहा आठवडे हिरवी राहिली तर कंद पुढच्या वर्षासाठी भरतो. मार्चमधल्या जळगावात हे होणे नाही. पण त्याचं दुःख करू नये, कारण खुद्द हॉलंडातल्या कुकेनहॉफच्या बागेतही दर शरदात नवे कंद लावतात. आमचे खताच्या खड्ड्यात गेले. बी नाही, पुढच्या वर्षीचा कंद नाही, खायलाही नाही. “मंग कामनं काय?” या सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधत बसायचीही मला गरज वाटली नाही.

यंदा पिवळा ‘माँटे कार्लो’ मागवते आहे. तो लवकरच्या घराण्यातला, दांडा आखूड, कुंडीला सोयीचा, आणि ऊन तापायच्या आत फुलून मोकळा होईल असा. तोवर सफरचंदं आणली तर आणली त्याच दिवशी संपवायची, असं घरात जाहीर केलंय.